फळबाग आणि शेततळ्यासाठी रोपे, कलमे विकत घेताना घ्यावयाची दक्षता

हिंगोली जिल्ह्यातील हळद उत्पादकाला बेणे कसे निवडावे हे शिकविण्याची गरज नाही. वसमत असो की कळमनुरी, बेण्याचा ढीग समोर आला की आपला शेतकरी गड्डा हातात घेतो, वजनाचा अंदाज घेतो, डोळे फुगलेले आहेत का पाहतो, नख लावून कूज तपासतो. हळद हे नऊ महिन्यांचे पीक आहे. एका वर्षी बेणे फसले तर पुढच्या वर्षी दुरुस्ती करता येते. परंतु वीस-पंचवीस वर्षे शेतात उभ्या राहणाऱ्या मोसंबीची, संत्र्याची किंवा आंब्याची कलमे मात्र हाच शेतकरी पहिल्या पावसानंतर गावात आलेल्या टेम्पोतून, हिरवीगार पाने पाहून, उभ्या उभ्या घेतो, असे अनेक ठिकाणी दिसून येते.

रोप विकत घेताना डोळ्यांना पाने दिसतात. पण आपण पैसे मोजतो ते मुळांचे, खुंटाचे आणि ज्या झाडावरून डोळा किंवा काडी घेतली त्या मातृवृक्षाचे. या तिन्ही गोष्टी वरून दिसत नाहीत. म्हणून त्या विचारून, तपासून आणि लिहून घ्याव्या लागतात. शेततळ्यासाठी घ्यावयाच्या पाणवनस्पतींबाबतही हेच लागू पडते. तेथे तर चुकीचे एक रोप आपल्या तळ्यापुरते राहत नाही, ओढ्याने पुढच्या गावापर्यंत जाते.

स्वस्त कलम किती महाग पडते?

मोसंबी २० × २० फूट अंतरावर लावल्यास एकरी सुमारे १०८ झाडे बसतात. समजा, परवानाधारक रोपवाटिकेतील कलमापेक्षा टेम्पोतील कलम २० रुपयांनी स्वस्त मिळाले. एकरी बचत झाली २१६० रुपये. या बागेचे व्यापारी उत्पादन पाचव्या-सहाव्या वर्षापासून सुरू होते. तोपर्यंत खड्डे, शेणखत, ठिबक, खते, निंदणी आणि उन्हाळ्यातील विकतचे पाणी यांवर खर्च चालूच असतो. कलम निकृष्ट निघाले हे बहुधा याच काळात, कधी कधी पहिले फळ हातात आल्यावरच कळते. त्या वेळी २१६० रुपयांचा हिशेब कोणीच मांडत नाही, कारण गेलेली सहा वर्षे कोणी परत देत नाही.

खरेदीपूर्वी जमीन व पाणी पाहावे

कोणते झाड घ्यावे हे रोपवाटिकेत जाऊन ठरवू नये, शेतात ठरवून मग रोपवाटिकेत जावे. लागवडीच्या जागी तीन फूट खोल खड्डा घेऊन मातीचा थर पाहावा. खाली चुनखडी किंवा पाणी न मुरणारी चोपण माती लागल्यास मोसंबी, संत्रा, लिंबू यांचा विचार सोडावा. माती परीक्षणात मुक्त चुन्याचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त आढळल्यास लिंबूवर्गीय झाडे पिवळी पडून लवकर खचतात. अशा जमिनीसाठी कितीही चांगले कलम विकत घेतले तरी उपयोग होत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याखालील वसमत भाग आणि सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील माळरान यांना एकच फळझाड सारखे मानवेल असे नाही. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीला किती वेळ पाणी असते, त्यावर झाडांची संख्या ठरवावी. पाणी कमी असल्यास सीताफळ, आवळा, चिंच यांसारखी काटक झाडे निवडावीत.

रोपे कोठून घ्यावीत?

महाराष्ट्रात फळरोपवाटिका व फळझाडांची विक्री यांचे नियमन करणारा कायदा १९६९ साली झाला आहे. त्यानुसार फळझाडांची रोपे विकण्यासाठी परवाना लागतो. म्हणून पहिला प्रश्न दराचा न विचारता परवान्याचा विचारावा. परवानाधारक रोपवाटिकेत तो दाखविण्यास अडचण नसते.

आपल्या कृषी विद्यापीठाच्या परभणी येथील रोपवाटिकांबरोबरच बदनापूरचे मोसंबी संशोधन केंद्र, अंबाजोगाईचे सीताफळ संशोधन केंद्र आणि नांदेडचे केळी संशोधन केंद्र येथे त्या त्या फळपिकाची माहिती व उपलब्धतेनुसार लागवड साहित्य मिळू शकते. संत्र्यासाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. जिल्ह्यात तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. दर वर्षी १८ मे रोजी विद्यापीठाच्या वर्धापन दिनी परभणीला खरीप मेळावा होतो. बियाण्यासाठी येणाऱ्या शेतकऱ्यांनी त्याच फेरीत कलमांचीही चौकशी करून ठेवावी. चांगली कलमे जुलैमध्ये ऐन वेळी मिळत नाहीत. त्यांची मागणी काही महिने आधी नोंदवावी लागते.

खासगी रोपवाटिकेत शक्यतो स्वतः जावे आणि मातृवृक्ष दाखविण्याची विनंती करावी. ज्या झाडाच्या काड्या वापरल्या ते झाड निरोगी, भरपूर फळे देणारे आणि जातिवंत आहे का, हे फळांच्या हंगामात पाहता आले तर उत्तम. अनुदानाच्या योजनेतून लागवड करावयाची असल्यास कोणत्या रोपवाटिकेची रोपे व पावती ग्राह्य धरली जाते, हे कृषी सहायकाकडून आधीच समजून घ्यावे.

एक पिशवी फाडून पाहावी

रोपांचा लॉट पसंत पडला की त्यातील कोणतेही एक रोप आपण निवडावे, त्याची किंमत मोजावी आणि पिशवी फाडून माती हळूच झटकावी. शंभर रोपे घेणाऱ्याला एका रोपाचा हा खर्च जड नाही. निरोगी रोपाची तंतुमुळे पांढरट-पिवळसर, भरपूर आणि चिवट असतात. मुळाची साल बोटांनी ओढल्यावर सहज निघून आत दोऱ्यासारखा भाग उरत असेल, मुळे तपकिरी-काळी झाली असतील किंवा कुजल्याचा वास येत असेल, तर तो लॉट घेऊ नये. पिशवीच्या तळाशी मुख्य मूळ गोल गुंडाळले गेले असेल, तर ते रोप लहान पिशवीत फार दिवस राहिले आहे असे समजावे. असे झाड लागवडीनंतर पहिली एक-दोन वर्षे बरे दिसते, पुढे वाढ खुंटते आणि वादळात मुळासकट कलते. मुळांवर गाठी दिसल्यास सूत्रकृमी असण्याची शक्यता असते. अशी माती आपल्या रानात आणूच नये.

मोसंबी व संत्रा

लिंबूवर्गीय बागांचा मोठा शत्रू म्हणजे फायटोप्थोरा बुरशी. तिच्यामुळे पायकूज, मूळकूज व डिंक्या हे रोग होतात. ही बुरशी बहुतेक वेळा रोपवाटिकेच्या मातीतूनच आपल्या शेतात येते. म्हणून वर सांगितलेली मुळांची तपासणी या पिकात सर्वांत महत्त्वाची आहे. याशिवाय पुढील बाबी पाहाव्यात.

१) खुंट : कलम जंबेरी किंवा रंगपूर लाईम खुंटावर बांधलेले असावे. खुंट कोणता हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे.

२) डोळ्याची उंची : डोळा जमिनीपासून २२ ते २५ सेंमी म्हणजे साधारण एक वीत उंचीवर भरलेला असावा. डोळा खाली असल्यास ओल्या मातीचा संपर्क येऊन डिंक्या लवकर लागतो. रोपवाटिकेत श्रम व वेळ वाचविण्यासाठी खाली डोळा भरलेली कलमे बाजारात येतात, ती नाकारावीत.

३) फूट कोठून आली आहे : डोळा मेलेला आणि खुंटच वाढलेला, असेही रोप कलम म्हणून विकले जाते. बुडापासून वर बोट फिरवीत जावे. मुख्य फांदी डोळा भरलेल्या जागेतूनच निघालेली असली पाहिजे. जंबेरीची फूट जास्त काटेरी असते, हीही एक खूण आहे.

४) जोड : खुंट व वरची फांदी साधारण सारख्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या असाव्यात आणि जोड एकजीव झालेला असावा.

५) विषाणू व जिवाणू : ट्रिस्टेझा तसेच ग्रीनिंग हे रोग रोगट झाडावरच्या डोळ्यातून नव्या कलमात येतात. ते नवीन रोपावर नजरेने ओळखता येत नाहीत. म्हणूनच मातृवृक्षाची चौकशी हाच येथे खरा उपाय आहे.

लागवड करताना डोळ्याची जागा मातीत गाडू नये आणि पाणी खोडाला लागणार नाही असे दुहेरी आळे करावे. पुढे पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर खोडाला बोर्डो मलम लावावा. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लीटर पाणी हे प्रमाण घ्यावे.

आंबा

मराठवाड्यात केशर आंब्याची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली आहे. मूळचा जुनागडचा हा वाण आपल्या हवामानात चांगला रुळला आहे. त्यामुळेच केशरच्या नावावर काहीही विकले जाते. कोयीपासून वाढविलेल्या रोपाला नुसती प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून ते कलम म्हणून देण्याचे प्रकार होतात. मृदकाष्ठ कलमात जोडाच्या ठिकाणी पाचर मारल्याची इंग्रजी ‘व्ही’ आकाराची खूण स्पष्ट दिसते. ती नसल्यास शंका घ्यावी. कलम साधारण एक वर्षाचे, सरळ वाढलेले आणि जोडाच्या खाली फूट नसलेले असावे. पाने कोवळी, तांबूस असताना वाहतूक केल्यास ती करपतात. म्हणून पाने पक्व झालेली कलमे घ्यावीत. फार उंच, लवलवीत कलमाचा मोह टाळावा. सावलीत आणि नत्राच्या जोरावर वाढविलेले रोप आपल्या उन्हात टिकत नाही. जोडावरची पट्टी आवळून बसली असेल, तर लागवडीच्या वेळी ती ब्लेडने उभी कापून काढावी.

केळी

गिरगाव, कुरुंदा, डोंगरकडा परिसरातील शेतकऱ्यांना ग्रँड नैनची ऊतिसंवर्धित रोपे नवीन नाहीत. ५ × ५ फूट अंतरावर एकरी सुमारे १७४० रोपे लागतात, म्हणजे रोपांचा खर्चच मोठा असतो. रोप ३० सेंमीच्या आसपास उंच, पाच-सहा रुंद पाने असलेले आणि दुसऱ्या टप्प्याचे हार्डनिंग पूर्ण झालेले असावे. प्रयोगशाळेतून नुकतीच आलेली नाजूक रोपे स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. पाने अरुंद, चुरगळलेली, त्यांवर पिवळे पट्टे किंवा पांढरट चट्टे असलेली रोपे लॉटमधून बाजूला काढावीत. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था केली आहे. त्यात विषाणूंची तपासणी होते. कंपनीकडे असे प्रमाणपत्र आहे का, ते विचारावे.

मुनवे वापरावयाचे असल्यास ते निरोगी बागेतील, तलवारीसारख्या अरुंद पानांचे आणि उभट गड्ड्याचे घ्यावेत. रोगट बागेतील फुकटचा मुनवाही महाग असतो. ऑस्ट्रेलियात १९१३ च्या सुमारास फिजी बेटांवरून आणलेल्या कंदांबरोबर पर्णगुच्छ रोग शिरला आणि १९२५ पर्यंत तेथील मोठ्या केळी पट्ट्यातील बहुतेक बागा बसल्या. पुढे लागवड साहित्याच्या वाहतुकीवर कडक निर्बंध घालून आणि रोगट झाडे नष्ट करूनच तो धंदा पुन्हा उभा राहिला. आपल्या देशातही १९४० च्या सुमारास हा रोग केरळात पोहोचला. मावा कीड हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. पण एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात तो नेतो माणूस, आपल्या गाडीत घालून. डाळिंबातील तेल्या रोगाचा दूरवर प्रसार होण्यामागेही रोगट गुट्यांची वाहतूक हे एक मुख्य कारण आहे.

शेततळ्यासाठी पाणवनस्पती

२०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाल्यानंतर शेततळ्यांची संख्या वाढली. पाणी आले की मत्स्यपालन, काठावर झाडे, पाण्यात कमळ असे विचार मनात येतात. त्यात गैर काही नाही. मात्र पाण्यातली वनस्पती विकत घेताना एकच प्रश्न आधी विचारावा : ही वाढत गेली तर मला आवरता येईल का?

जलपर्णीचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती तिच्या फिकट जांभळ्या फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये शोभेची म्हणून आली. नद्या, खाड्या, भातखाचरे इतकी भरून गेली की १९३६ साली बंगाल सरकारला तिच्या निर्मूलनासाठी कायदा करावा लागला. पुण्याजवळच्या इंद्रायणी व पवना नद्यांत आणि उजनी जलाशयात ती आपण पाहतोच. अनुकूल परिस्थितीत तिची संख्या साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. या हिशेबाने शोभेसाठी सोडलेली १० रोपे चार महिन्यांत २५६० होतात. बी चिखलात अनेक वर्षे जिवंत राहते, त्यामुळे एकदा काढून काम भागत नाही. फुगीर देठाची, तरंगणारी, जांभळ्या फुलांची वनस्पती कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.

आपल्याकडचे दुसरे उदाहरण बेशरमीचे. गुलाबी फुलांची ही परदेशी वनस्पती कुंपणासाठी, शोभेसाठी लावली गेली. मोडलेली कांडी पाण्याबरोबर वाहत जाऊन जेथे अडते तेथे रुजते, आणि जनावर तिला तोंड लावत नाही. आज कालव्याच्या व पाझर तलावाच्या काठाने तिचे रान माजले आहे. तिला हे नाव उगीच पडलेले नाही.

शेततळ्याबाबत पुढील काळजी घ्यावी.

१) प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात पाणकणीस, कमळ यांसारख्या कंदमुळे पसरणाऱ्या वनस्पती थेट लावू नयेत. कमळ किंवा कुमुद हवे असल्यास मातीने भरलेल्या रुंद टबात लावून तो टब गुळगुळीत बुडाचा पाहून पाण्यात ठेवावा. कागदाला टोचणारी कड नसावी.

२) बांधाच्या बाहेरील उतारावर माती धरून ठेवण्यासाठी वाळ्याचे ठोंब लावावेत. वड, पिंपळ, बांबू ही झाडे अस्तराच्या तळ्यापासून दूर ठेवावीत.

३) अझोल्याचे बेणे जनावरांच्या खाद्यासाठी जरूर आणावे, पण ते वेगळ्या उथळ वाफ्यात वाढवावे. मत्स्यतळ्याचा पृष्ठभाग तरंगत्या वनस्पतींनी झाकला गेल्यास उजेड अडतो, पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि पहाटे मासे वर येऊन तडफडतात.

४) बाहेरून आणलेली कोणतीही पाणवनस्पती धुऊन घ्यावी आणि दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावी. तिच्याबरोबर आलेले शेवाळ, गोगलगायींची अंडी आणि दुसऱ्या तणांचे तुकडे या काळात दिसून येतात. टाकीतील पाणी तळ्यात किंवा ओढ्यात न टाकता कोरड्या जमिनीवर ओतावे.

५) नको असलेली वनस्पती ओढ्यात फेकू नये. काठापासून दूर उन्हात वाळवून, जलपर्णी असल्यास शक्यतो फुलण्यापूर्वी काढून, तिचे कंपोस्ट करावे. सेनगाव-हिंगोलीकडील ओढे कयाधूला मिळतात आणि कयाधू पैनगंगेला. आपण टाकलेली कांडी कोठे रुजेल हे आपल्या हातात राहत नाही.

वाहतूक आणि लागवडीपूर्वीची निगा

रोपे सायंकाळी किंवा पहाटे आणावीत. गाडीत एकावर एक रचू नयेत आणि वारा लागून पाने वाळू नयेत म्हणून ताडपत्री बांधावी. आल्याबरोबर लागवड न करता आठ-दहा दिवस झाडाच्या विरळ सावलीत ठेवून पाणी द्यावे. प्रवासात दुखावलेली रोपे या काळात ओळखता येतात. नांग्या भरण्यासाठी पाच ते दहा टक्के रोपे जास्त आणावीत. पुढच्या वर्षी दुसरीकडून आणून भरलेल्या नांग्यांमुळे बागेत वाणांची सरमिसळ होते.

पावती हाच पुरावा

पावतीवर रोपवाटिकेचे नाव, परवाना क्रमांक, फळझाड, वाण, खुंट, संख्या, दर व तारीख असावी. “केशर असेल बघा” हे तोंडी बोलणे पाच वर्षांनी कोणाला आठवत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकृष्ट बियाण्याच्या प्रकरणात, बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक असून त्याला ग्राहक मंचाकडे दाद मागता येते, असा निर्णय दिला. मात्र दाद मागायला कागद लागतो. पावती, रोपांवरील लेबल आणि लागवडीच्या दिवशी काढलेली छायाचित्रे एका पाकिटात जपून ठेवावीत. कोणत्या ओळीत कोणत्या लॉटची रोपे लावली याचा साधा नकाशा वहीत काढावा. दोष दिसल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी व तिची पोच घ्यावी.

या वर्षी लागवड करणाऱ्या शेतकरी बंधूंनी निदान तीन गोष्टी कराव्यात : परवाना पाहावा, एक पिशवी फाडून मुळे पाहावीत आणि खुंटाचे व वाणाचे नाव पावतीवर लिहून घ्यावे. या तीन गोष्टींना अर्धा दिवस लागतो. रोपवाटिकावाला यांपैकी एकीलाही तयार नसेल तर रिकामी गाडी घेऊन परत यावे. खोदलेले खड्डे एक वर्ष तसेच उन्हात तापले तर काही बिघडत नाही, पण त्यांत चुकीचे कलम गेले तर ते वीस वर्षे सांभाळावे लागते.